नखभर

शिरोलीत, फौंड्रीच्या मागच्या गेटला
साडेसहाला ट्रेलर लागला.
साखर कारखान्याचा रोलर, अठरा टन चारशे किलो,
हायड्राच्या हुकाला लोंबकळत राहिला अधांतरी,
कारण इलाही शिकलगार अजून फळ्या झाडत होते.

ड्रायव्हर गुरुसिद्ध, निपाणीचा, गालात तंबाखू,
मला म्हणाला, "अठरा टन हाय मॅडम,
कुठं उडून जातंय ते?
दोन साखळ्या टाका नि सोडा."

इलाहीमामांनी फळीवरची वाळू चिमटीत घेतली,
साच्यांतून सांडलेली, काळी, मऊ,
गुरुसिद्धच्या तळहातावर ठेवली.
"चोळून बघ. ह्याच्यावर जड काय नि हलकं काय."
मग जुन्या टायरची रबरं अंथरली,
हात वर केला,
आणि रोलर खाली आला.
दोन्ही कुशींना बाभळीच्या पाचरी बसल्या.
"हलकं निसटलं तर धरशील हातानं.
जडाला आधीच सांगून ठेवायला लागतं."

चार साखळ्या.
पुढच्या दोन मागं ओढणाऱ्या, मागच्या दोन पुढं.
पाळणा उलटा टांगला तर असाच दिसेल.

पण बांधण्याआधी ते प्रत्येक कडी बोटांतून नेतात.
कुणी म्हणेल, जपमाळ.
मला आई आठवते, तांदूळ निवडताना:
तोंडानं गप्पा चालू, बोटं खड्यावर.
तिसऱ्या साखळीत बोटं थांबली.

मला काहीच दिसलं नाही.
त्यांनी ती कडी शेजारणीला लावून दाखवली.
नखभर लांब.
"हिनं कुठंतरी लई सोसलंय."
"बोल्ट मारा की मधी," गुरुसिद्ध म्हणाला.
मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं
की तो तंबाखू थुंकायला निघून गेला.

आठला आडकेसाहेबांचा फोन.
पार्टी बोंबलतेय, गाडी रात्रीच सुटली पाहिजे,
तीन साखळ्यांत काय बिघडतं?
गेटपासवर सही माझी असते.
पेन हातात होतं, टोपण उघडं.
मी म्हणाले, "सर, साखळी चारच लागतात,"
आणि आवाज माझा आहे हे मला जरा उशिरा कळलं.
पलीकडून ते जे बोलले ते इथं लिहीत नाही.

रात्री गुरुसिद्धनं भडंगाचा पुडा संपवला,
ट्रेलरखाली झोपला, रोलरच्या सावलीत,
बांधलेलं नव्हतं तरी निर्धास्त.
मामांनी गॅसकटरनं ती साखळी दोन जागी तोडली.
भंगारात टाकली तर कुणीतरी उचलतं, म्हणाले,
माणसं काटकसरी असतात.

सकाळी दहाला उद्यमनगरातून पोरगं आलं,
मोटारसायकलच्या टाकीवर पोतं, पोत्यात नवी साखळी.
मामा रॅचेट आवळू लागले, कट्, कट्, कट्.
गुरुसिद्ध वाकून बघत होता, त्याला कोपरानं बाजूला सारलं:
"ताणल्या दांड्यासमोर तोंड आणू नको."
मामांचे वरचे पुढचे दोन दात नाहीत.
सहा वर्षं मी कधी विचारलं नव्हतं.

गाडी निघाली.
"कागलला थांब. उतर. परत हात लाव."
गुरुसिद्धनं मान हलवली, तशी सगळेच हलवतात.

बाराला माझा फोन वाजला.
मागं ट्रकांचे हॉर्न, वारा, आणि त्याचा आवाज, जरा बारीक:
"मॅडम, मामास्नी सांगा.
मागची डावी, दोन दात ढिली निघाली.
आवळली."

मामा शेडमध्ये जेवत होते.
मी सांगितलं.
"व्हणारच," म्हणाले. "माल बसतो जागंवर."
आणि चटणीची डबी माझ्याकडं सरकवली.

ती कडी माझ्या टेबलावर आहे,
चलनांच्या गठ्ठ्यावर, पंख्याखाली.
येणाऱ्याला मी विचारते, काय वेगळं दिसतंय?
अजून कुणाला सांगता आलेलं नाही.
मलाही, शेजारी दुसरी नसेल तर.